सायकलच्या मागे

२६ जून २००१, मंगळवार

ही डायरी अजीममामूची. तो ऊर्जानगरला वीजकेंद्रात फिटर आहे. दर वर्षी त्याला कोणीतरी एक देतो आणि तो तिच्यात काहीच लिहीत नाही. मला देताना म्हणाला, अर्धी जरी भरलीस तरी मानीन की तुझे पाय एका जागी टिकले. अब्बू बाजूला कापूस पिंजत होते, ते नुसते हसले. नूर मोहम्मद पिंजाऱ्याचा जिशान गादीवर कमी आणि रस्त्यावर जास्त, असं सगळ्या राजुऱ्यात म्हणतात. सातवीनंतर मी कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होतो, मग बल्लारशाला कँटीनमध्ये, मग नागपूरला एका मांडववाल्याकडे. एका ठिकाणचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही कधी पाहिले नाहीत.

आता इथे. आलापल्लीच्या पुढे जंगलात पुसेरगट्टा म्हणून गाव, तिथे एका संस्थेची मुलींची निवासी शाळा. इथल्या काही मुली शर्यती पळतात. माझं काम असं, की पहाटे मुली धावायला निघाल्या की त्यांच्या पुढे सायकल चालवायची आणि घंटी वाजवत राहायचं. अस्वलासाठी. अस्वल माणसाला भीत नाही, पण वळणावर एकदम माणूस दिसला तर भिते, आणि भ्यालेलं अस्वल फार वाईट. घंटी ऐकली की ते आपलं आपलं बाजूला होते.

"घंटी वाजवाचा पगार?" मी विचारलं.

रुखमाबाई इथल्या स्वयंपाकीण आहेत. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "देवळातला पुजारी मंग काय करते, बापू?"

३० जून, शनिवार

पळायची मास्तरीण म्हणजे शिट्टी आणि शिव्या, असं मला वाटलं होतं. संघप्रिया मॅडमचं भलतंच आहे. त्या ब्रह्मपुरीकडच्या, धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी. धावण्याआधी त्या मुलींचे पाय पाहतात. मुलींना ओळीने बाकावर बसवतात आणि स्वतः खाली गोणपाटावर, एक पाय लांब करून. मांडी कधीच घालत नाहीत. नखं पाहतात, टाचेच्या भेगा पाहतात, काटा राहिला असेल तर सुईने काढतात. मग प्रत्येकीच्या नडगीवरून अंगठा वरून खाली फिरवतात. अब्बू शिवलेल्या गादीत गाठ राहिली का ते असंच पाहतात.

रात्री झोप लागली का, भूक लागली का, हे पण रोज विचारतात. भूक नाही म्हणाली की त्या मुलीचं त्या दिवशी पळणं बंद. महिन्यातून एकदा एकेकीला आंब्याखाली नेऊन हळू आवाजात काहीतरी विचारतात, तेव्हा मला विहिरीवर पाठवतात. विहिरीवर काही काम नसते. काय गुपित आहे कोण जाणे, पण त्यानंतर एखादीच्या ताटात लोखंडी कढईतली भाजी आणि मोहफुलाचा लाडू रोज जास्तीचा येतो.

बाई हुशार आहे, मानलं. फक्त स्वतः कधी पळून दाखवत नाही. पायऱ्यासुद्धा एकेक, कडेकडेने उतरते. एवढ्या तरुण बाईला कसला आळस असेल?

७ जुलै, शनिवार

आज सुकरीने माझी सायकल मागे टाकली.

सुकरी म्हणजे दसरूची पोरगी, नववीत आहे, इथून जवळच्याच टोल्यावरची, म्हणजे छोट्या पाड्यावरची. बोलते कमी. टेकडीवरच्या चढाला मी उभं राहून पायडल मारत होतो, छाती फुटायची बाकी, आणि ही बाजूने गेली. दम लागल्याचा आवाज पण नाही. वर जाऊन उभी राहिली आणि म्हणे, "जिशानभाऊ, घंटी मले देऊन दे. मीच वाजवत जातो."

सगळ्या पोरी हसल्या. मी पण हसलो. मी खूप रस्ते पाहिले, ट्रकमधून पाहिले, पण रस्त्यावरून असं जाणारं माणूस पाहिलं नाही. पाय टेकतो की नाही, कळत नाही.

मॅडम मात्र खूश दिसल्या नाहीत. संध्याकाळी तिला म्हणाल्या, "सायकलच्या मागं राहायचं. हा नियम आहे, शर्यत नाई."

९ जुलै

खुशालभाऊ आले जीपने. संस्थेचे सचिव. अठरा ऑगस्टला चंद्रपूरला निवड आहे, तिथून पुढे मोठ्या स्पर्धा. सुकरी त्यात पहिली येणार असं त्यांनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. तिला नवे बूट आणले. आतापर्यंत ती अनवाणीच धावायची. मॅडम म्हणाल्या, आधी नुसते घालून चालायचं, मग थोडं थोडं पळायचं, पायाला बुटाची ओळख झाली पाहिजे. खुशालभाऊ म्हणाले, "मॅडम, बूट हायत का नवरदेव?"

१३ जुलै, शुक्रवार

सुकरीला बुटाचं भारीच कौतुक. चिखलवाटेने नीट धावते, पण डांबरी रस्ता लागला की थांबते, वाकते, नाडी बांधते. नाडी सुटलेली नसते. पुन्हा थोडं पुढे गेलं की पुन्हा वाकते. नव्या बुटाची हौस अशीच असते. निशातला, माझ्या बहिणीला, ईदला सँडल घेतली तेव्हा ती पण दर दहा पावलांवर खाली बघायची.

१६ जुलै, सोमवार

ती हौस नव्हती.

आज सकाळी पाय पाहताना सुकरी ओळीत शेवटी बसली आणि मोजा काढेना. मॅडमने स्वतः काढला. नडगीवर काळे डाग, भोवती फोड आलेले. बिबा लावला होता. इथे गुडघा दुखो, पाठ दुखो, बिबा तापवून त्याचं तेल लावतात. वरची कातडी जळते, मग आतलं दुखणं कळत नाही.

"कधीपासून?" मॅडमने विचारलं.

"बूट आले तवापासून. थोडं थोडं."

"आणि सांगितलं काऊन नाई?"

"सांगतली असती तं बूट घेतले असते तुम्ही वापस."

मॅडम रागावल्या नाहीत. फोड सोडून, एका बोटाने हाडावर दाबत खाली गेल्या. एका जागी सुकरीने ओठ दातात धरला. मॅडम मला म्हणाल्या, "हातभर जागा दुखली तर ते मांसाचं असते, पळत राहिलं तरी बरं होते. बोटाएवढी एकच जागा दुखते ते हाडाचं. हाडाला बारीक तडा जाते. त्यावर पळलं की मोडते."

दुपारच्या एसटीने तिला अहेरीला नेलं. हाडाचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. तरी डॉक्टर तेच म्हणाले, मॅडमचं बोट बरोबर आहे, महिना दीड महिना पूर्ण आराम.

म्हणजे अठरा ऑगस्ट गेला.

१७ जुलै

खुशालभाऊ तापले. फोटोत काही नाही तर मग आहे काय? मॅडम त्यांना म्हणाल्या, "फोटोत दिसन तेव्हा उशीर झाला असन." शेवटी ठरलं की सुकरीने घरी जाऊन आराम करावा. इथे राहिली तर गुपचूप पळेल. मॅडमला एक धाकधूक होती, की धानाची रोवणी. पण यंदा पाऊसच नाही, धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या आहेत. आईजवळ राहील, बाळंतीण आईला सोबत होईल.

मी तिला सायकलवर मागे बसवून टोल्यावर सोडलं. वाटेत एकदाच बोलली.

"चंद्रपूरले अजून महिना हाय ना, भाऊ?"

मला राहवलं नाही. म्हटलं, ऊर्जानगरचे व्हॉलीबॉलवाले पोरं एक फवारा मारतात पायावर. थंडगार. दुखणं अर्धा तास गायब. तुझी शर्यत तर पाच मिनिटांची. आणतो तुला.

"बिब्यासारखा जळते का?"

"अजिबात नाई."

मॅडमना सांगितलं नाही. त्या खूप चांगल्या आहेत, पण मला वाटतं जास्तच भितात. पाय सुकरीचा आहे आणि शर्यतही तिची.

तिच्या घरासमोर धानाच्या हिरव्यागार रोपांचा, पऱ्ह्यांचा वाफा आहे, गालिचा टाकल्यासारखा. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. दसरूने पाणी दिलं, "जोहार" म्हणाला आणि आभाळाकडे पाहत बसला.

२५ जुलै, बुधवार, राजुरा

घरी आलो आणि अडकलो. पाच दिवस झाले, आभाळ फाटलं आहे. पर्लकोटा नदी चढली, तिकडचे रस्ते बंद. फवारा मिळाला, मामूच्या शेजारच्या पोराने दिला. अम्मी पिशवी पाहून म्हणाली, यावेळी परत जायची एवढी घाई? पळून तर नाही ना आलास?

मीच चकित झालो. खरंच घाई आहे मला.

२८ जुलै, शनिवार

आज पोचलो आणि आधी टोल्यावर गेलो. सुकरी घरी नव्हती. बांधीत होती, पिंढरीभर चिखलात, वाकून पऱ्हे लावत होती. मला पाहून सरळ उभी राहिली. पाय एका बाजूला सोडून उभी होती, पण चेहरा असा की परीक्षेत पहिली आली.

"मॅडमले सांगजो, एक बी दिवस नाई पळाली मी. एक पाऊल बी नाई."

फवारा दिला तिला. ओच्यात लपवला.

शाळेत येऊन मॅडमना आनंदाने सांगितलं, सुकरीने शब्द पाळला, अजिबात पळत नाही, बापाला रोवणी करू लागते. मॅडमच्या हातात चहाची कपबशी होती. त्यांनी ती खाली ठेवली, पूर्ण चहा तसाच.

"किती दिवसांपासून?"

"पाऊस आला तसा."

"उभी कशी होती? दोन्ही पायांवर?"

मी आठवून सांगितलं. रुखमाबाई आतून म्हणाल्या, "बापू, तू बैलाचा आराम पाहून आला. गाडीचा बैल काढला अन् नांगराले जुपला, त्याले आराम म्हणते का?"

मग मला कळलं. पण इथे रोवणीला कोणी काम म्हणतच नाही. पाऊस आला की रोवणी, जसं सकाळ झाली की उठणं. आराम कर म्हटलं तर सुकरीने पळणं सोडलं. एवढंच तर सांगितलं होतं आपण तिला.

२९ जुलै, रविवार

मॅडमला सायकलवर बसवून टोल्यावर नेलं. दसरू भांडला नाही. बाजेवर जागा केली, बोलला.

"मॅडम, पोरीचा पाय हाय, मले कळते. पन पऱ्हे वाट पाह्यत नाई. चार दिवसात पिवळे पडते. मंग वर्षभर खाचं काय? हिची याया बाळंतीण, मी एकटा. तुम्हीच सांगा, कोनाले वाकवू?"

मला वाटलं मॅडम आता समजावून सांगतील, हाड, तडा, सगळं. त्यांनी एकच विचारलं, "किती बांध्या राहिल्या?"

"तीन."

मॅडम उठल्या, पायजमा मांडीपर्यंत गुंडाळला आणि चिखलात उतरल्या. सुकरीला म्हणाल्या, "तू धुऱ्यावर बस. भावाले मांडीवर घे. आज तुझं काम ते."

मग मलाही उतरावं लागलं.

चिखलात पाय घातला की चिखल पाय ठेवून घेतो. तासाभरात माझी कंबर गेली. दसरू माझी ओळ पाहून म्हणाला, "पिंजाऱ्याचा दिसते. धान नाई लावून राह्यला, कापूस पसरवून राह्यला." बांधाच्या धुऱ्यावर सुकरी एवढी हसली की बाळ रडायला लागलं.

मॅडमचे हात भराभर चालतात. पण शेताची सवय सुटली असावी. उजवा पाय वाकवतच नाहीत. बाजूला काठीसारखा ताणून धरतात आणि कमरेतून वाकतात, पुढे सरकताना तो पाय ओढत नेतात. एकदा तो रुतला तर दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून उपसला, खुंटा उपसावा तसा. त्या गुडघ्यावर लांब शिवण आहे, गादीला जाड सुईने टाके घालावे तशी. लहानपणी कुठे पडल्या असतील.

सुकरीचं हसणं केव्हा बंद झालं, मला कळलं नाही. ती त्या शिवणीकडेच पाहत होती. मग तिने काहीतरी विचारलं. मॅडम हात न थांबवता, वर न बघता, बराच वेळ बोलल्या. मी दुसऱ्या टोकाला होतो. "सोळाव्या वर्षी" एवढंच ऐकू आलं, आणि "सगळे म्हणाले एकच शर्यत". बहुतेक शाळेतल्या जुन्या आठवणी असतील. मॅडमचं असं आहे, काम करताना बोलायला लागल्या की गोड वाटते.

दुपारी जेवताना मीही सुकरीला चार शब्द सांगितले. धीर धरावा, घाई करू नये, मी घाईने किती नोकऱ्या घालवल्या वगैरे. चांगलं बोललो असं मला वाटतं. ती ऐकत होती, निदान मान हलवत होती.

३१ जुलै, मंगळवार

रोवणी झाली. काल रुखमाबाई पण आल्या होत्या आणि एकट्या आम्हा दोघांएवढं लावून गेल्या. मॅडमचा गुडघा सुजून भोपळा झाला आहे. मीठ टाकून गरम पाणी करून दिलं. त्यांना म्हटलं, तुम्ही मुलींच्या नखापर्यंत पाहता, स्वतःचा पाय नाही पाहत. म्हणाल्या, "त्याचं पाहून झालं, जिशान."

सुकरी आमच्यासोबत शाळेत परत आली. दसरूने स्वतः आणून सोडलं, तांदळाची पिशवी पण दिली. येताना तिने मला बाजूला बोलावलं आणि फवारा परत दिला.

"काऊन? नाई पायजे?"

"ठेव तू. तुझी कंबर दुखून राह्यली ना, तिले मार."

माझ्या चार शब्दांचा परिणाम इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. आपल्यालाही समजावून सांगता येते म्हणायचं.

१८ ऑगस्ट, शनिवार, चंद्रपूर

खुशालभाऊंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मैदानावर, सगळ्यांसमोर सुकरीला विचारलं, "पाय दुखते का आज?"

"नाई दुखत."

"मंग पळतं का? एकच तर शर्यत हाय."

मला खरं सांगायचं तर अजूनही वाटत होतं, तिने हो म्हणावं. तिला या मैदानावर पाहायचं होतं मला. मॅडमने तिच्याकडे पाहिलं पण नाही.

सुकरी म्हणाली, "एकच शर्यत नसते ते, सर."

कुठून शिकली असं बोलायला? खुशालभाऊ पाहुण्यांकडे निघून गेले.

आपल्या शाळेची दुसरी मुलगी, चंदा, पळाली, चौथी आली. सुकरी दोरीजवळ चंदाच्या चपला हातात घेऊन उभी होती आणि गोंडीत असं काही ओरडत होती की बाजूचे पोलीस हसत होते. पहिली आलेली मुलगी सुकरीच्या निम्मी पण नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण तिथल्या कागदावर कोणी लिहिणार नाही.

निघताना पायऱ्या उतरायच्या होत्या. मॅडम नेहमीसारख्या कडेने, एकेक. सुकरी पुढे गेली होती, ती परत वर आली, त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि खांदा पुढे केला. मॅडमने त्यावर हात ठेवला. दोघी हळूहळू उतरल्या. गर्दी खूप होती, म्हणून असेल.

११ सप्टेंबर

सुकरी आजपासून चालते. मऊ वाटेने, विहिरीपर्यंत जायचं आणि परत. मॅडमचा अंगठा नडगीवरून रोज दोनदा फिरतो. आता एकीची नाही, सगळ्या मुलींची चौकशी बदलली आहे. घरी जाणार असेल तर मॅडम विचारतात, शेतात काय चाललं आहे? किती वाकायचं आहे? सरपण आणायचं आहे का, पाणी किती लांबून आणता? मग तेवढं पळणं कमी करतात.

अजीममामूचा निरोप आला. हैदराबादच्या एका ट्रकवाल्याला माणूस पाहिजे, लांबचे रस्ते, समुद्रापर्यंत. महिन्याभरात कळव म्हणतो. डोक्यात दोन दिवस नुसते रस्ते फिरत आहेत.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

रुखमाबाईंना ट्रकचं सांगितलं. म्हणाल्या, "जा ना. अस्वलाले मी सांगून ठेवतो, का बाबा, घंटीवाला समुद्र पाह्याले गेला, तू जरा दमानं घे." मग मला दोन भाकरी जास्तीच्या वाढल्या.

९ ऑक्टोबर, मंगळवार

आज सुकरी पळाली.

मॅडमने काल सांगितलं होतं, आंब्यापासून नाल्यापर्यंत, बूट न घालता, मऊ वाटेने, आणि सायकलच्या मागे. धुकं होतं. बाकी पोरी बाकावर बसून पाहत होत्या. मॅडम फाटकाजवळ उभ्या, पदर तोंडाला लावून. आज त्यांनी साडी नेसली होती, का ते कळलं नाही.

मी घंटी वाजवली आणि निघालो. मागून तिची पावलं आली. आधी एक जड एक हलकं, मग दोन्ही सारखी. मला वाटलं, आता बाजूने जाईल, आता म्हणेल घंटी दे. नाही गेली. चाकाच्या मागेच राहिली. तिला जायचं होतं, ते मला श्वासावरून कळत होतं. पण राहिली.

मग मीच वेग कमी केला. अजून कमी केला. माझ्यासारख्या माणसाला सायकल एवढी हळू चालवता येत नाही. हँडल डुगडुगायला लागलं. एका जागी तर पाय टेकवावा लागला.

"काय झालं, भाऊ?" तिने मागून विचारलं.

"काही नाई. हळू चालवून राह्यलो."

"शिक," ती म्हणाली, आणि आम्ही नाल्यापर्यंत गेलो.

मामूला उद्या कळवतो, ट्रकला दुसरा माणूस पाहा.